शिलोहाचा बुरूज आणि एक ‘तातडीची प्रार्थना’

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की वसईतल्या पापडीच्या नाक्यावर चार-पाच जणांचा कट्टा भरतो. या वेळी विषय ग्लेनच्या मोबाइलमधून निघाला. मेसेजचा आशय असा: भारतात काल रात्री बौद्ध अतिरेक्यांनी वीस चर्च जाळली, आज रात्री ऑलिसबांग प्रांतातली आणखी दोनशे नष्ट करणार आहेत, चोवीस तासांत दोनशे मिशनरींना मारणार आहेत, प्रार्थना करा आणि सगळ्यांना पाठवा. ग्लेनने तो तीन ग्रुपवर टाकूनही झाला होता.

“हे ऑलिसबांग कुठं आलं रे?” जोसेफकाकांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना, कारण भारतात या नावाचा प्रांतच नाही. हा मेसेज दहा वर्षांहून जास्त काळ जगभरच्या ख्रिस्ती लोकांत फिरतोय. त्यातली ‘काल रात्र’ कधी सरत नाही, कारण मेसेजवर तारीखच नसते.

“बरं, खोटा असेल,” ग्लेन म्हणाला. “पण प्रार्थनाच करायला सांगितलंय ना? प्रार्थनेनं कुणाचं काय बिघडलं?”

“दोघांचं बिघडलं,” रेमंड म्हणाला. तो धर्मग्रामात वर्षानुवर्षं कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, शिकवतो. “एक तर बौद्ध माणसांवर तू खोटा आळ घेतलास. सोपाऱ्याचा स्तूप इथून जवळच आहे, आपल्या शाळेत, आपल्या बाजारात बौद्ध शेजारी आहेत. दुसरं नुकसान आपल्याच लोकांचं. 2008 च्या ऑगस्टमध्ये ओडिशात कंधमालला चर्च खरोखर जळली, घरं जळली, माणसं मारली गेली, हजारो लोक जंगलात पळाले. उद्या तू कंधमालचं सांगायला गेलास तर समोरचा म्हणेल, तुमच्या त्या ऑलिसबांगसारखंच असेल.”

सायमनने लगेच आज्ञा काढली: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तो मूळचा अहिल्यानगरकडचा, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचा. तो हिला नववी आज्ञा म्हणतो, रेमंड आठवी. कॅथलिकांमध्ये पहिल्या दोन आज्ञा एकत्र धरतात आणि शेवटची फोडून दोन करतात, म्हणून हा फरक. शब्द तेच आणि मूळ संदर्भ न्यायालयातल्या साक्षीचा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय गुन्हा शाबीत धरायचा नाही, असा नियमच आहे. फॉरवर्ड करणारा माणूस स्वतःला निरोप्या समजतो, पण वाचणारा त्याला साक्षीदार धरतो. ‘रेमंडसरांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार’ असं म्हणणारा एक तरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतो.

रेमंडने मग कॅटेकिझम याच नावाच्या कॅथलिक शिकवणीच्या ग्रंथातला 2477 क्रमांकाचा परिच्छेद सांगितला. त्यात तीन दोष वेगवेगळे केले आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनात खरा धरणं हा पहिला. खोटं सांगून त्याचा लौकिक घालवणं हा अर्थातच दुसरा. तिसऱ्यावर कट्टा थांबला: गोष्ट खरी आहे, पण रास्त कारण नसताना ती माहीत नसलेल्यांना सांगायची, हाही दोषच.

“म्हणजे खरं असलं तरी?” अनिकेत सरसावला. तो हिंदू आहे आणि एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. “मग आमचा धंदाच पाप म्हणायचा.”

“रास्त कारण हे शब्द सोडू नकोस. नगरपालिकेच्या कंत्राटात पैसे खाल्ले हे लोकांना कळायलाच हवं. कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं हे कळायची गरज नाही. दोन्ही खरं, पण एक बातमी आणि दुसरी चुगली.”

माझ्या मते त्या सकाळचा सगळ्यात कामाचा मुद्दा हाच होता. ‘खरं आहे का’ विचारायला आपण अलीकडे शिकलोय. ‘खरं आहे, पण मी का सांगतोय’ हा प्रश्न अजून रुळलेला नाही.

पारखायचं कसं, हे अनिकेतने सांगितलं. ‘काल’, ‘आज रात्री’, ‘नुकतंच’ असे शब्द आहेत आणि तारीख नाही, तर तिथेच थांबायचं. गावाचं नाव नकाशावर शोधायचं, जिल्हा लागला नाही तर पुढचं वाचायचीही गरज नाही. फोटो गुगल लेन्समध्ये टाकायचा आणि सगळ्यात जुना निकाल पाहायचा. आजच्या घटनेचा फोटो तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या बातमीत दिसला तर उत्तर मिळालं. जळत्या चर्चच्या फोटोंत हे फार होतं, कारण विजेच्या बिघाडाने लागलेली आगही हल्ल्यासारखीच दिसते. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो किमान पाच चॅटमधून पुढे ढकलत आलाय, म्हणजे मूळ सांगणारा कोण हे कुणालाच माहीत नाही.

पोपच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांची तपासणी त्याहून सोपी, असं रेमंडचं म्हणणं. व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर भाषणं तारखेनुसार असतात. बुधवारी जाहीर भेट, रविवारी दुपारी देवदूताची प्रार्थना. ‘पोप काल म्हणाले’ असेल तर कालची तारीख उघडून पाहायची. परिपत्रकांचे परिच्छेद क्रमांकित असतात, तेव्हा क्रमांक नसलेल्या अवतरणाला क्रमांक मागायचा. चित्रांचं मात्र अवघड होत चाललंय. 2023 च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांचं पांढऱ्या फुगीर जाकिटातलं चित्र जगभर खरं म्हणून फिरलं. ते मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने बनवलेलं होतं. मोठं करून पाहिलं तर क्रुसाची साखळी एकाच बाजूला होती आणि बोटं हातातल्या कपावर नीट बसली नव्हती. आताच्या चित्रांत एवढ्याही खुणा राहत नाहीत, म्हणून चित्रापेक्षा ते कुठून आलं याकडे जास्त पाहायचं.

“फ्रान्सिस यांनीच 2018 च्या संदेशात लिहिलंय,” रेमंड म्हणाला, “खोट्या बातमीची सुरुवात एदेन बागेतल्या सापापासून. सापानं काय केलं बघ. देवानं एका झाडाचं फळ वर्ज्य केलं होतं. सापानं विचारलं, कुठल्याच झाडाचं खायचं नाही असं देवानं खरंच सांगितलंय का? ‘एका’च्या जागी ‘कुठल्याच’ घातलं, बस्स. सगळं रचलेलं खोटं पकडता येतं. एक शब्द ताणलेलं खरं पकडायला मूळ वाक्य माहीत असावं लागतं.”

ग्लेनला हे पुरेसं वाटेना. “हे तर कुठलाही सज्जन माणूस करेल. ख्रिस्ती नजर म्हणजे काळाची चिन्हं ओळखणं. युद्धं, भूकंप, महामारी, सगळं लिहून ठेवलंय.”

“लिहिलंय ना,” सायमन म्हणाला. “मत्तयाचं शुभवर्तमान, चोवीस, सहा. लढायांविषयी आणि लढायांच्या आवयांविषयी ऐकाल, घाबरू नका, पण एवढ्यात शेवट नाही. तुम्ही लोक पहिला अर्धा वाचता. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनाचा दिवस 22 ऑक्टोबर 1844 धरला होता. हजारो माणसं वाट पाहत बसली, कित्येकांनी शेतातली पिकंही काढली नाहीत. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकी प्रचारकाने 21 मे 2011 सांगितला, मग तारीख ऑक्टोबरवर ढकलली आणि पुढच्या वर्षी जाहीरपणे चूक कबूल केली. त्याच अध्यायाच्या छत्तिसाव्या ओवीत म्हटलंय, तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही.”

ग्लेन चिडला. तारखा सांगणारे चुकले म्हणून देव इतिहासात काहीच बोलत नाही का, हा त्याचा प्रश्न साधा नव्हता. जोसेफकाका तोपर्यंत ऐकत होते. त्यांनी लूकचा तेरावा अध्याय काढायला सांगितला.

तिथे येशूला ताजी बातमी सांगितली जाते. रोमन सुभेदार पिलाताने गालीली माणसांना मारलं, त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञबळींत मिसळलं. सांगणाऱ्यांना बहुधा दोहोंपैकी एक उत्तर हवं होतं, रोमवर संताप किंवा मेलेल्यांच्या पापाचा हिशेब. येशू दोन्ही देत नाही. उलट दुसरी बातमी स्वतः काढतो: शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते? नाही म्हणून सांगतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल.

“एक घटना माणसाच्या क्रौर्याची, एक बांधकामाची,” काका म्हणाले. “दोन्हीकडे मेलेल्यांवर बोट ठेवायचं नाही, हेच पहिलं. आणि बातमी ऐकणाऱ्याची झडती, हे दुसरं. पूर आला, पूल पडला की ‘देवाचा कोप’ म्हणून मेसेज टाकणारे आपलेही असतात. ते या अध्यायाच्या बरोबर उलट चाललेत.”

“म्हणजे बुरूज कुणी बांधला, पैसे कुणी खाल्ले हे विचारायचंच नाही?” अनिकेतने नेमकं विचारलं. “नुसता पश्चात्ताप करा म्हटलं तर ठेकेदार सुटला.”

याला रेमंडचं उत्तर होतं ‘पाहा, पारखा, करा’. बेल्जियममधले धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांच्या गटांसाठी ही पद्धत घडवली. 1925 पासून त्यांची संघटना ती वापरू लागली आणि 1961 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात तिची शिफारस केली. रेमंडच्या मते तिला एक तास लागतो आणि त्यातला निम्मा वेळ पाहण्यातच जायला हवा. सहा ते दहा माणसं पुरे. त्याहून जास्त झाली की दोघेच बोलतात.

समोरून डिलिव्हरीवाला पोरगा पाठीवर पिशवी घेऊन गेला. काकांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं. “घ्या, दहा मिनिटांत घरी किराणा. यावर करून दाखव.”

पाहणं म्हणजे त्या पोराला विचारणं. एका ऑर्डरला किती मिळतात? माल घ्यायला जातानाच्या अंतराचे पैसे मिळतात का? पेट्रोल कुणाचं? दुकानाबाहेर ताटकळलेला वेळ कामात धरतात का? गाडी घसरून हात मोडला तर दवाखान्याचं बिल कोण भरतं? खाली रेटिंग पडलं की काम कमी होतं का, आणि त्याची दाद कुठे मागायची? ही उत्तरं आपल्या अंदाजाने भरली की पुढचं सगळं वाया. तीन-चार पोरांशी वेगवेगळं बोलायचं, कारण पूर्ण वेळ करणारा आणि कॉलेज सांभाळून करणारा यांची उत्तरं वेगळी येतात.

पारखताना अनुवादाचा चोविसावा अध्याय: गरजू मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. मग 15 मे 1891 चं पोप लिओ तेरावे यांचं कामगारांवरचं परिपत्रक. दोघांनी मजुरी आपखुशीने ठरवली एवढ्याने ती न्याय्य होत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं तीत भागलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. नव्या पोपनी लिओ हे नाव का घेतलं, ते त्यांनीच 10 मे 2025 रोजी कार्डिनलांना सांगितलं: तेव्हा औद्योगिक क्रांती होती, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. कुणाला ऑर्डर द्यायची हे जिथे अ‍ॅपच ठरवतं, तिथे हा धागा थेट लागतो.

“इथेच बहुतेक गट घसरतात,” रेमंड म्हणाला. “वचन आधी निवडतात आणि बातमी त्यात बसवतात. यिर्मया 29:11 घ्या, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो. सुंदर आहे. पण ते बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या आधीच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबा म्हटलंय. ते या पोराला ऐकवून आपण मोकळे व्हायचं नाही.”

तिसरी पायरी म्हणजे करणं, आणि तिच्यावरून खरा वाद पेटला. काकांचं म्हणणं, घरापासून सुरुवात करा. दहा मिनिटांची गरज नसेल तर ऑर्डर देऊ नका, तीन ऑर्डरींची एक करा, दारात पाणी विचारा, पावसात उशीर झाला तर रेटिंग कापू नका. सायमनला हे अपुरं वाटलं. युवागट दहाव्या मिनिटाला ‘करा’वर उडी मारतो, रेनकोट वाटतो, फोटो काढतो, आणि मजुरी होती तिथेच राहते.

“सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ची आहे, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 ला,” तो म्हणाला. “कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची, कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. कामगारानं आपली नोंदणी आधारवर करायची. किती पोरांना माहीत आहे? चर्चच्या हॉलमध्ये रविवारी दोन तास टेबल टाकून बसा, नोंदणी करून द्या, धर्म न विचारता. पंडिता रमाबाईंनी 1897 च्या प्लेगात पुण्यातल्या बायकांच्या हालांवर मुंबईच्या ख्रिस्ती पत्रात जाहीर लिहिलं, आणि सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं. आमच्याकडे 1842 पासून ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक चाललं ते काय फक्त मंडळीच्या बातम्या द्यायला?”

“टेबल टाका, पण पाणी विचारायचं विसरू नका,” काका म्हणाले. दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही. मला सायमनचं पटतं. फक्त टेबलावर बसणाऱ्याने आधी नोंदणीचं पोर्टल स्वतः चालवून पाहावं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना निघाला की ओटीपी येत नाही आणि सगळी रांग तिथेच अडते.

शेवटी गाडी ग्लेनच्या तीन ग्रुपवर आली. मेसेज सगळ्यांसाठी पुसायला व्हॉट्सअ‍ॅप साधारण अडीच दिवस देतं, पण तो इतरांनी पुढे पाठवला असेल तिथून तो जात नाही. आणि नुसता पुसला तर वाचलेल्यांच्या मनात तसाच राहतो. कॅटेकिझमचा 2487 वा परिच्छेद इथे लागतो: लौकिकाचं नुकसान केलं तर भरपाई करायची, नुसत्या क्षमेवर ते काम संपत नाही. कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, जाऊन आलं तरी भरपाई उरतेच. जिथे पसरवलं तिथेच, तेवढ्याच मोठ्याने.

ग्लेन टाइप करायला लागला. पहिल्या मसुद्यात होतं, ‘काल चुकून एक मेसेज आला.’ रेमंडने ‘आला’ खोडायला लावलं, ‘मी पाठवला’ लिही म्हणाला. अनिकेतने जुना मेसेज पुन्हा चिकटवू दिला नाही, कारण लोक वरचं न वाचता खालचंच पुढे ढकलतात. शेवटचा मजकूर असा झाला: ‘काल मी वीस चर्च जाळल्याचा मेसेज इथे पाठवला. तो खोटा आहे. ऑलिसबांग नावाचा प्रांत भारतात नाही. बौद्ध बांधवांवर यात खोटा आरोप झाला, त्याबद्दल मी क्षमा मागतो. ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांनी त्या-त्या ग्रुपवर हेही पाठवावं.’

कंधमालबद्दल एक ओळ जोडायची का, यावर पुन्हा तोंडं लागली. सायमन हो म्हणत होता. काका म्हणाले, माफीच्या मेसेजमध्ये आपलं दुःख घालायचं नाही, ते वेगळं लिही, तारखेसकट, गावांच्या नावांसकट. ग्लेनने ओळ काढली आणि तिन्ही ग्रुपवर मेसेज टाकला.