लक्ष्मीच्या हातात साबण देऊन काही साधत नाही

जुनं नावाजलेलं चित्र घ्यायचं, त्यात एखाद्या कंपनीचा लोगो घुसवायचा, की झाली बाजारू संस्कृतीवर टीका, असं पॉप आर्टच्या, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तू चित्रात आणणाऱ्या कलेच्या, वाटेला जाणाऱ्या बऱ्याच पोरांना वाटतं. मला हे पटत नाही. आपल्याकडच्या चित्रांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

अमेरिकी पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलनं 1986 मध्ये लिओनार्दोच्या 'द लास्ट सपर'वर, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रावर, डव्ह साबणाचा पक्षी, जनरल इलेक्ट्रिकचं चिन्ह आणि 59 सेंटची किंमत रंगवली. तिथं घाव बसतो. मूळ चित्र मिलानच्या मठात, भोजनगृहाच्या भिंतीवर. ते कुणी विकत घेऊन घरी नेईल असं नव्हतंच. शिवाय डव्ह म्हणजे कबुतर, आणि ख्रिस्ती चित्रांत कबुतर हे पवित्र आत्म्याचं रूप. विजेची कंपनी म्हणजे प्रकाश. ही चिन्हं त्या चित्राच्या अर्थातूनच वर आली आहेत.

आता राजा रविवर्म्यांची लक्ष्मी घ्या. 1894 मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि देव छपाईच्या दगडी शिळांवरून कागदावर आले. पुढं हीच चित्रं काडेपेट्यांवर, कापडाच्या लेबलांवर, कॅलेंडरांवर गेली. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर यांचं चित्र वुडवर्ड्स ग्राइप वॉटर या बाळांच्या औषधाच्या कॅलेंडरवर आलं. म्हणजे देवाशेजारी माल ठेवायचं काम आपल्या बाजारानं शंभर वर्षांपूर्वीच, अगदी श्रद्धेनं करून ठेवलंय. त्याच लक्ष्मीच्या हातात तुम्ही साबण दिलात तर ती टीका होत नाही, आणखी एक कॅलेंडर होतं.

मग करायचं काय? चित्रात भर घालू नका, त्याची छपाई हाताळा. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडं असते तीच स्क्रीन प्रिंटिंगची पद्धत इथं कामाची आहे. एकच स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, करा आणि तिच्यावरून पाच कागद छापा. पहिल्याला नुसती शाई. पुढं शाईच्या एका भागाला ट्रान्स्परंट बेस (शाई घट्ट ठेवून रंग फिका करणारं बिनरंगी मिश्रण) एक, दोन, चार आणि आठ भाग. देवी विरत जाते. खाली दुकानाच्या नावाची आणि तारखांची पट्टी मात्र वेगळ्या स्क्रीननं पाचही कागदांवर तेवढ्याच ठसठशीत काळ्या रंगात. पट्टीत खऱ्या दुकानाचं नाव नको, कोरी चौकट पुरे. बघणारा ती मनातल्या मनात भरतोच.

शाई फिकी करायला थिनर ओतू नका. पातळ शाई जाळीखाली पसरते, बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा जातो. आणि लक्ष्मीचा चेहरा गेला की चित्रच गेलं. इंचाला 45 ओळींचा हाफटोन, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांत फोडलेलं चित्र, घेतलात तर सेंटिमीटरला साधारण 90 धाग्यांचं पॉलिस्टर कापड लावा. याहून जाड विणीवर ठिपका टिकत नाही. हाफटोनचा कोन 22.5 अंश ठेवा, नाहीतर धागे आणि ठिपके यांची लहरी नक्षी उमटते आणि ती साडीची नक्षी वाटायला लागते. कागद आणि स्क्रीन यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर हवं. आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा उजेडानं घट्ट होणारा थर, वरून कोरडं वाटतं, आतून ओलं राहतं. तशीच स्क्रीन उजेडाला दिली की धुताना इमल्शन सोलून निघतं. अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली रात्रभर आडवी ठेवा. घाई इथंच नडते.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचं गणित अगदी उलटं आहे. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचं त्यांचं पाणी बाजारात फिरलेलं नाही, त्यामुळं तिथं वस्तू घालता येते. बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकारानं 2005 मध्ये फ्रेंच चित्रकार मोनेच्या कमळतळ्यात सुपरमार्केटच्या ट्रॉल्या बुडवल्या, त्या मोनेच्याच फटकाऱ्यांनी रंगवल्या म्हणून त्या तळ्यातल्या वाटतात. रंकाळ्यावर तरंगणारं वेफर्सचं पाकीट घालायचं आणि आबालालांच्या जलरंगाच्या वळणानं जायचं, तर पाकिटाची चकाकी कागदाचा पांढरा राखूनच आली पाहिजे. पोस्टर व्हाइटचा (अपारदर्शक पांढऱ्या रंगाचा) ठिपका दिलात की पाकीट पाण्यावर न तरंगता कागदावर चिकटतं. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या आणि पहिला ओला हात मारण्याआधी पाकिटाची जागा मास्किंग फ्लुइडनं, म्हणजे रंग अडवणाऱ्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवानं, झाका. पाण्यातलं प्रतिबिंब विसरू नका: उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून थोडं गडद, गडद वस्तूचं थोडं उजळ. पाकिटाचं माप त्याच अंतरावरच्या माणसाच्या हाताशी ताडून बघा. बहुतेक नकलांमध्ये ते उशीएवढं होतं. आणि एकच पाकीट. दहा टाकलीत तर ते स्वच्छता मोहिमेचं पोस्टर होईल.

नाव छापायची गरज इथंही नाही. चांदीसारखा आतला थर आणि दातेरी कडा एवढ्यावर कोल्हापुरातलं शाळकरी पोरसुद्धा ओळखेल.

परवानगीचं म्हणाल तर आपल्याकडं चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. रविवर्मा 1906 मध्ये गेले, आबालाल 1931 मध्ये, धुरंधर 1944 मध्ये. तिघांचीही मूळ चित्रं आता मोकळी आहेत. पण लोगो घालणार असाल तर ट्रेडमार्कचा कायदा वेगळा, तो अशा मुदतीनं सुटत नाही. विक्रीसाठी प्रिंट काढण्याआधी वकिलाला विचारा.