‘ओरिजिनल पॅड म्हणजे लूट’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘स्पोर्ट्स कारवाल्यांनो, शोरूमची लूट ओळखा!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं, की गाडीच्या कंपनीचे ओरिजिनल ब्रेक पॅड सोडा आणि रेसचे लावा. (पॅड म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून गाडी थांबवणारा तुकडा.) खाली ‘एक ट्रॅक एक्स्पर्ट’ अशी सही, नावगाव काही नाही. मला तो आधीही आला होता, न वाचता पुसून टाकला. आता तो सीवूड्सच्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हेच पॅड मागवू ना?’

भाच्याकडे सेकंडहँड पोर्शे केमन आहे. ती रोज ठाणे-बेलापूर रोडने ऑफिसला जाते, रविवारी ताईला शेजारी बसवून भाजी आणते आणि पावसाळाभर उघड्या पार्किंगमध्ये भिजते. रेस ट्रॅक तिने पाहिलेला नाही, पुढेही पाहील असं वाटत नाही. पुढचे पॅड मात्र संपत आलेत. माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये ब्रेकचे भाग तपासण्यात गेली, त्यामुळे हा मेसेज वाचताना डोकं तापलं. तर घ्या एकेक.

‘ओरिजिनल पॅड म्हाताऱ्यांसाठी. स्पोर्ट्स कारला रेस कंपाउंडच हवं. ज्या पॅडची तापमान मर्यादा जास्त, त्याचा ब्रेक जास्त.’

सगळ्यात घातक वाक्य हेच. (कंपाउंड म्हणजे पॅडचा घासणारा माल.) खोक्यावरचा सातशे-आठशे अंशांचा आकडा पॅड किती तापेपर्यंत टिकेल ते सांगतो. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडल्यावर पहिल्या दाबाला तो किती धरेल, याबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही. रेसच्या पॅडचं घर्षण चांगलं चालतं ते डिस्कवर त्याच पॅडच्या मालाचा पातळ थर बसल्यावर, आणि तो थर नीट काम करायला भरपूर उष्णता लागते. थंड असताना हाच पॅड धरत कमी आणि डिस्क खरवडत जास्त. तवा तापायच्या आत भाकरी टाकली की जे होतं, तेच.

आता ही उष्णता आणायची कुठून? गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ट्रॅकवर ताशी २०० वरून ब्रेक मारताना जेवढी ऊर्जा डिस्कमध्ये जाते, तिच्या अकराव्या हिश्श्याएवढीच सिग्नलला ६० वरून थांबताना जाते. पुढचा सिग्नल येईपर्यंत डिस्क पुन्हा गार. कापूरबावडीच्या गर्दीत तर वेग वीसच्या वर जातच नाही, तिथे पॅड कोमटसुद्धा होत नाही.

आकड्यात सांगतो. ताशी ५० वेगाला चांगल्या पॅडने, कोरड्या रस्त्यावर, नेहमीच्या जोरदार दाबाने गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते असं धरा. थंड पॅडचं घर्षण निम्मं भरलं, तर तेवढ्याच दाबाला जवळपास २५ मीटर लागतात. ‘मग जोरात दाबायचं’ असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय. रिक्षा अचानक आडवी आली की पाय सवयीने दाबतो तेवढंच दाबतो, बाकीचा विचार नंतर येतो. त्यात जुलैची सकाळ, डिस्कवर रात्रीचा गंज आणि पाण्याचा थर. पाम बीच रोडला अशा वेळी रेस पॅड म्हणजे निव्वळ जुगार.

‘ब्रेक जास्त’ या शब्दांतही गोम आहे. ओरिजिनल पॅडवर ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, थरथरायला लागतं का? लागत असेल, तर चाक लॉक करण्याएवढी ताकद पॅडमध्ये आहेच. तिथून पुढे गाडी किती अंतरात थांबणार हे टायर आणि रस्ता ठरवतात. पॅड कितीही महाग आणला तरी ते अंतर कमी होणार नाही. अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरवर घाला.

मग निवडायचं कशावर? यासाठी एक भक्कम आधार आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला ९० क्रमांकाचा नियम बदली पॅडसाठीच आहे, युरोपात तो सक्तीचा आहे. त्यानुसार तेवढ्याच दाबाला बदली पॅडने मिळणारा ब्रेक मूळ पॅडच्या १५ टक्के वर किंवा १५ टक्के खाली, एवढ्यातच बसावा लागतो. खालचीच मर्यादा नाही, वरचीही आहे, हे लक्षात घ्या. कारण पुढचे पॅड अचानक फार चावरे झाले तर पुढच्या-मागच्या चाकांतला तोल बिघडतो. शिवाय घर्षणाचा माल मागच्या पोलादी पट्टीपासून सुटू नये म्हणून दर चौरस सेंटिमीटरला किमान २५० न्यूटनची ताकद त्या जोडाने सोसावी लागते. हे सगळं पास झालं की पॅडवर गोलातलं ‘ई’, शेजारी देशाचा आकडा आणि ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांक छापतात. अस्सल रेस पॅडच्या खोक्यावर हे सहसा नसतं. उलट रस्त्यावर वापरू नका असं बारीक अक्षरात असतं, आणि स्क्रीनशॉट काढणाऱ्यांनी ती ओळ कापलेली असते.

पॅडवर ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी घर्षणाची श्रेणी सांगणारी दोन अक्षरंही दिसतात. ‘जी’ दिसला की लोक खूश होतात. पण त्यातलं पहिलं अक्षर सुमारे ९३ ते २०४ अंश सेल्सिअसमधल्या मोजणीवरून ठरतं, दुसरं त्याहून गरम. म्हणजे आपल्या सकाळच्या पहिल्या ब्रेकबद्दल ती अक्षरंही गप्पच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ओरिजिनलच्या नावाखाली जादा पैसे जातात, हे खरं आहे. गाडीची कंपनी पॅड स्वतः बनवत नाही, ते घर्षणमाल बनवणाऱ्या कंपन्यांकडून येतात आणि गाडीच्या कंपनीचा लोगो असलेल्या खोक्यात शिरले की महाग होतात. तेव्हा त्याच दर्जाच्या बनवणाऱ्याचे, आपल्या मॉडेलचे, ‘९०आर’ खूण असलेले पॅड बाहेरून घेतले तर काही बिघडत नाही. फक्त नावावर जाऊ नका. पगिड या पॅडच्या ब्रँडचंच उदाहरण बघा. त्या नावाने साधे रस्त्याचे पॅड मिळतात आणि पिवळ्या रंगाचे रेसचेही. भाच्याने कार्टमध्ये टाकलेत ते पिवळे. ‘मामा, पगिडच आहे की!’ म्हणे.

‘सिरॅमिक पॅड कधीच झिजत नाहीत, पोर्शेच्या पिवळ्या कॅलिपरमध्ये तेच असतात.’

दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड. ती पिवळी असलेल्या पोर्शेमध्ये डिस्क कार्बन-सिरॅमिकची असते आणि तिचे पॅड वेगळे असतात. बाजारात ‘सिरॅमिक पॅड’ म्हणून मिळतो तो साध्या लोखंडी डिस्कसाठी. त्याची धूळ कमी, आवाज कमी, रोजच्या वापराला बरा. झिजतो मात्र नक्की.

‘पॅडची सेन्सर वायर ही कंपनीची चाल. कापा आणि दोन टोकं जोडून टाका, दिवा कायमचा बंद.’

दिवा बंद होणार, यात शंका नाही. पॅड संपल्याचं मग कळणार कसं? आतल्या बाजूचा पॅड चाकाच्या फटीतून धड दिसत नाही. माल संपून पोलादी पट्टी डिस्कला लागली की कर्कश आवाज येतो, तोवर डिस्कही गेलेली असते आणि सेन्सरवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे तिला जातात. जुना सेन्सर घासला नसेल तर तोच पुन्हा लावता येतो, आणि बरीच वर्कशॉप तो उगाच नवा विकतात. इतपत खरं.

‘किंचाळणारा पॅड म्हणजे दमदार पॅड.’ सोडून द्या.

‘नवे पॅड टाकले की एक्सप्रेसवेवर १२० वरून कचकन गाडी उभी करा आणि धूर येईपर्यंत ब्रेक दाबून धरा. मग पॅड पिकतात.’

हे वाचून मी फोन खाली ठेवला. एक्सप्रेसवेच्या लेनमध्ये गाडी उभी करायची? मागून लोखंडाने भरलेला ट्रेलर येतोय, त्याच्या ड्रायव्हरला तुमचे पॅड पिकतायत हे कोण सांगणार? शिवाय तापलेली डिस्क थांबवून तिच्यावर पॅड दाबून धरला, की त्याच एका जागी पॅडचा माल चिकटतो. पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, आणि मग ‘डिस्क वाकली’ म्हणून नवी डिस्क गळ्यात मारली जाते.

नवे पॅड डिस्कवर रुळवायची खरी रीत कंटाळवाणी आहे. मोकळा रस्ता, मागे कोणी नाही याची खात्री, साधारण ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा. पूर्ण थांबायचं नाही. मध्ये थोडं अंतर सोडून असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून सगळं गार होऊ द्यायचं. खोक्यातल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद ऐकायचा.

‘घाटात ब्रेक फेल होतो तो साध्या पॅडमुळे. ब्रेक ऑइल डॉट ५ टाका, नंबर मोठा तेवढं चांगलं.’

घाटात ब्रेक दमतो, खोटं नाही. पण बोरघाट उतरताना पेडल मऊ पडून खाली जातं, तेव्हा बऱ्याचदा जुनं ऑइल उकळलेलं असतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलला ही हमी १५५ अंशांचीच, आणि आपल्या दमट हवेत पाणी शोषायला वेळ लागत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाटात गिअर खालचा ठेवा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते बाकीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचं नसतं. डॉट ५.१ ही वेगळी चीज आहे, नावाला फसू नका. केमनला डॉट ४ लागतं.

‘ज्या बाजूचा पॅड झिजला तेवढाच बदला.’ नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली डिस्क गेली असेल तर तीही जोडीने. एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा फारच झिजला असेल तर पॅडला दोष देण्याआधी त्या बाजूच्या कॅलिपरमधला पिस्टन अडकतोय का ते तपासा. भाच्याच्या डाव्या पुढच्या चाकाचं तसंच दिसतंय. पॅड कुठलेही मागव, आधी तो कॅलिपर उघडून घे, असं त्याला सांगितलंय.