एक स्टार देणाऱ्या सरांना, त्या १९४३ च्या लाँग ब्रांच ली-एनफिल्ड रायफलबद्दल

नमस्कार सर. आधी माफी मागतो. हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकडी झाकण, तुम्हाला तीन आठवडे उशिरा मिळाला आणि वर त्याला बारीक चीर निघाली, ही चूक आमचीच. फोनवर मी आवाज चढवला तेही चुकलं, ते मान्य आहे.

पण सर तुम्ही रिव्ह्यूमध्ये जे लिहिलंय, की "यांनी ऑल मॅचिंग १९४३ ची लाँग ब्रांच ली-एनफिल्ड पैशासाठी फोडून तुकड्यांत विकली, हे डीलर नाहीत कसाई आहेत", ते वाचून मला दोन दिवस नीट झोप लागली नाही. उशीर, पॅकिंग, चीर, सगळ्याबद्दल बोला, मी खाली मान घालून ऐकीन. हे मात्र खरं नाही, आणि हे वाचून दोन जुन्या गिऱ्हाइकांनी ऑर्डर कॅन्सल केल्या, त्यातले एक तर कित्येक वर्षांपासून माझ्याकडून घेतायत, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की खरंच मॅचिंग होती का हो. म्हणून इथेच सगळ्यांसमोर उत्तर देतो, जरा लांबेल.

ती रायफल मॅचिंग नव्हती. मॅचिंग म्हणजे बॉडी (मधला लोखंडी सांगाडा) आणि बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) अशा भागांवर खरा एकच नंबर असणं. तुम्ही माझ्या जाहिरातीतला फोटो बघितला, त्यात बॉडीच्या डाव्या बाजूला बट सॉकेटवरचा, म्हणजे मागचं लाकूड जिथे बसतं तिथला, नंबर दिसतो आणि बोल्टच्या हँडलच्या मागेही तोच नंबर दिसतो, त्यामुळे तुम्हाला तसं वाटलं, मी समजू शकतो. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं आणि खूप आनंद झाला होता. मग दिव्याखाली बोल्ट धरून जरा तिरका केला तर हँडलच्या मुळाशी एक चपटा चकचकीत पट्टा दिसला, नखाएवढा, बाकीच्या फिनिशपेक्षा वेगळा. कोणीतरी जुना नंबर कानशीने घासून काढला आणि त्यावर नवा मारला. भिंगातून बघितलं तर बॉडीवरच्या नंबरातला ४ वरून उघडा आहे आणि बोल्टवरचा ४ वरून बंद, शेवटचा आकडा तर थोडा खालीच घसरलाय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोल्टवर चौकोनातला एस आहे. तो सॅव्हेजचा शिक्का आहे सर, लाँग ब्रांचचा नाही. सॅव्हेजच्या रायफली अमेरिकेत बनायच्या, लाँग ब्रांचचा कारखाना कॅनडात टोरांटोजवळ, तिथल्या पार्टवर एलबी असतं. म्हणजे बोल्ट दुसऱ्याच रायफलचा, आणि कोणीतरी विकायच्या वेळी जास्त भाव यावा म्हणून जुळवलेला.

आता कोणी म्हणेल की फौजेतले आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, तेसुद्धा बोल्ट बदलायचे आणि नवा नंबर मारायचे. बरोबर आहे. पण ते बऱ्याचदा जुन्या नंबरावर सरळ रेघ मारून शेजारी नवा मारायचे, काही लपवायचे नाहीत, आणि तसा बोल्ट मी स्वतः मॅचिंग म्हणूनच विकतो. घासून पुसून टाकलेला नंबर मी मॅचिंग म्हणून विकला असता तर तुम्ही मला कसाई नाही, चोर म्हणायला हवं होतं. जाहिरातीत "बोल्टचा नंबर नंतर मारलेला" असं मी लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीत. ते वर लिहायला हवं होतं, हे मात्र खरं.

आणि फक्त बोल्टचा प्रश्न असता तर मी ती पूर्णच विकली असती, मिसमॅच म्हणून, घेणारे खूप आहेत. खरी अडचण बॉडीत होती. ती मार्क १ स्टार, म्हणजे मार्क १ ची युद्धकाळातली सोपी केलेली आवृत्ती. जुन्या मार्क १ मध्ये बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) सोडवायला वेगळा स्प्रिंगचा कॅच असायचा, युद्धात काम लवकर व्हावं म्हणून लाँग ब्रांच आणि सॅव्हेजने तो काढून टाकला आणि उजव्या बाजूच्या पट्टीला पुढच्या बाजूला फक्त एक खाच कापली. त्या खाचेची कड झिजते, मग तुटते. ह्या रायफलची कड जवळजवळ भाताच्या दाण्याएवढी तुटलेली होती. बोल्ट जोरात मागे ओढला की हेड पट्टीवरनं सुटून वर यायचं. चारपैकी एकदा तरी. वेल्डिंग करून ती कड भरणारे लोक आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण मी तशी रायफल कोणाच्या हातात देणार नाही. उद्या रेंजवर काही झालं तर तुमच्या एका स्टारने भागणार आहे का? नळीचीही तीच गत, त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमुळे (दारू पेटवणारी टोपी) नळीत क्षार राहायचा, फायर केल्यावर उकळतं पाणी ओतून धुवायची म्हणून तर फनेल द्यायचे, ह्या रायफलला कोणी पाणी दाखवलेलं नव्हतं, पुढच्या बाजूला खड्डेच खड्डे.

मग काय करायचं? बॉडी मी कापून रद्द केली, कागद नोंदीला आहेत, तीन तुकडे अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. बाकी जे चांगलं होतं ते सुटं केलं. तुम्ही म्हणता "अशा लोकांमुळे एनफिल्ड संपत चालल्या". सर, लाँग ब्रांचने ९ लाखांच्या आसपास बनवल्या, त्यातल्या कितीतरी युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेल्या आणि लोकांनी शिकारीसाठी हलक्या हव्यात म्हणून लाकूड पुढून कापून टाकलं, हँडगार्ड फेकून दिले. बॉडी, बोल्ट, नळी सगळं चांगलं आणि लाकूड नाही अशा रायफली घरोघरी पडल्यात. त्यांना पूर्ण लाकूड कुठून मिळणार? अशाच मेलेल्या रायफलीतून. ह्या रायफलचा फोरएंड, म्हणजे नळीखालचं पुढचं लाकूड, ज्यांनी घेतला त्यांच्याकडे आजोबांची १९४२ ची लाँग ब्रांच होती, अर्धं लाकूड कापलेली, ते काका फोरएंड हातात घेऊन पाच मिनिटं नुसते त्यावरनं अंगठा फिरवत उभे होते. बसवताना मागच्या टोकाला, जिथे लाकूड बॉडीला टेकतं तिथे, मी स्वतः दोन संध्याकाळ काजळी लावून, बघून, खरवडून फिट केला कारण तिथे कागदाएवढी जरी फट राहिली तरी नेम फिरतो. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

हे मी कधी जाहिरातीत लिहीत नाही, पण आता लिहावं लागतंय. पूर्ण, चालू, खरी मॅचिंग रायफल मी आजपर्यंत एकही खोललेली नाही. एकही नाही. खोलली असती तर जास्त पैसे मिळाले असते हे ह्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, सुटे पार्ट मिळून पूर्ण रायफलपेक्षा जास्त होतात, म्हणूनच लोक खोलतात आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. तुमचा राग ज्यांच्यावर असायला हवा त्यांच्यावर माझाही आहे.

फोनचं पण सांगतो, कारण तुम्ही फक्त "उद्धट बोलले" एवढंच लिहिलंत. तुम्हाला तुमच्या रायफलसाठी ३ नंबरचं बोल्ट हेड हवं होतं. ०, १, २, ३ असे साइज असतात, ३ सगळ्यात लांब, आणि कुठलं लागेल ते हेडस्पेस गेजने, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला किती जागा उरते ते बघायच्या मापाने, मोजूनच ठरतं. मी विचारलं मोजलंय का, तुम्ही म्हणालात "मोजायची गरज नाही, सगळ्यात मोठं द्या, घट्ट बसेल". मी नाही म्हणालो. तुम्ही तिसऱ्यांदा तेच म्हणालात तेव्हा माझा आवाज चढला. तो चढायला नको होता. पण बोल्ट हेड मी आजही न मोजता देणार नाही, तुम्हालाच नाही, कोणालाच नाही, दुकान बंद पडलं तरी.

हँडगार्डचं असं झालं की ते लाकूड आधीच पातळ, आणि मी तो फोरएंडबरोबर बांधून ठेवला होता, त्या काकांच्या कामात दिवस गेले आणि शेवटी घाईत पाठवला, तेव्हा चीर बघितली नसणार. पुढे पॅकिंगचं काहीतरी नीट करतोय, फोटोही जास्त टाकू, नंबराच्या बाबतीत काय बदललंय ते वर लिहायचा प्रयत्न राहील.

चिरलेला परत पाठवू नका, ठेवा, दुसरा एलबी शिक्क्याचा काढून ठेवलाय, ह्या वेळी भिंगाखाली बघून, पत्ता तोच असेल तर कळवा, पैसे घेणार नाही. आणि कधी इकडे येणं झालं तर तो बोल्ट आणि बॉडीचे ते तीन तुकडे बघून जा. बोल्ट मी विकलेला नाही, विकणारही नाही. दिव्याखाली तिरका धरा, पट्टा दिसेल. त्यानंतर रिव्ह्यू बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी परत फोन करून त्रास देणार नाही.