अनोळखी प्रकाशकाची निळी पाटी

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेत किंवा दूध संकलन केंद्रात हिशेबाचा नवा प्रोग्राम बसवायचा असतो. तो लिहिणारा मुलगा त्याच गावचा असतो, संस्थेचे सचिव त्याला नावाने ओळखत असतात, त्याच्या वडिलांचे खातेही त्याच संस्थेत असते. सचिव फाइलवर दोनदा क्लिक करतात आणि पडद्यावर निळी पाटी उभी राहते. विंडोजने तुमच्या संगणकाचे रक्षण केले आहे, एका अनोळखी प्रोग्रामला सुरू होण्यापासून रोखले आहे, तो चालवल्यास संगणकाला धोका पोहोचू शकतो, असा तिचा मजकूर असतो. खाली बटण एकच, ‘चालवू नका’. चालवायचेच असेल तर ‘अधिक माहिती’ या बारीक अक्षरांवर क्लिक करावे लागते. त्यानंतर कुठे ‘तरीही चालवा’ हे दुसरे बटण प्रकट होते आणि प्रकाशकाच्या नावापुढे ‘अनोळखी प्रकाशक’ अशी नोंद दिसते. मग सचिवांचा फोन येतो, ‘‘अहो, तुमच्या प्रोग्राममध्ये व्हायरस आहे म्हणे!’’

असा फोन ज्याला कधीच आला नाही, असा छोटा सॉफ्टवेअर लेखक दाखवा आणि बक्षीस मिळवा. दिवसभराचे काम बाजूला ठेवून आपण चोर नाही हे पटवून देत बसण्यात या धंद्यातील माणसांची किती उमेद खर्च होते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आता ही पाटी कशामुळे लागते तेही समजून घ्यावे, कारण खरा संताप तिथेच आहे. स्मार्टस्क्रीन नावाची ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ पासून थेट प्रणालीतच बसवली. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर तशी खूण असते, आणि अशी फाइल उघडताना तिची ‘पत’ तपासली जाते. त्या प्रोग्रामच्या आत काही घातक सापडले म्हणून ही पाटी लागते असे नाही. तो पुरेशा लोकांनी उतरवून वापरलेला नाही आणि त्याच्यावर ओळखीच्या प्रमाणपत्राची डिजिटल सही, म्हणजे तो कोणाचा आहे हे सांगणारी संगणकीय खूण, नाही, एवढे कारण तिला पुरते. ज्याचे एकूण ग्राहकच चाळीस संस्था आहेत, त्याची पत या मोजपट्टीवर जन्मात तयार होणार नाही. त्यातही सही नसलेल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती म्हणजे नवी फाइल, म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात. एक चूक दुरुस्त करून सुधारित आवृत्ती दिली की त्याच सचिवांचा तोच फोन येतो. म्हणजे जो लेखक चुका तत्परतेने दुरुस्त करतो तोच जास्त संशयित ठरतो! गुन्हा एवढाच, की तुम्हाला फार लोक ओळखत नाहीत.

ही व्यवस्था मुळातच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ईमेलने आलेले बनावट बिल उघडून अख्ख्या कचेरीच्या फाइली गमावलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना कोणीतरी दारातच अडवले असते तर बरे झाले असते. माझी तक्रार अडवण्याबद्दल नाही. दारावर उभा असलेला पहारेकरी माणसाची झडती न घेता फक्त त्याच्या अंगावरचा कोट पाहून आत सोडतो, आणि तो कोट परदेशातून डॉलर मोजून विकत घ्यावा लागतो, याबद्दल आहे.

हा कोट मी एकदा शिवून घेतला आहे. एका परदेशी प्रमाणपत्र-विक्रेत्याकडे अर्ज केला, तेव्हा त्यांना माझ्या व्यवसायाच्या नोंदणीचा दाखला पुरला नाही. वीजबिल पाठवले, तर त्यावर नाव वडिलांचे. नोटरीकडून कागद करून घेतला, तर त्यावरचा गोल शिक्का त्यांना अस्पष्ट दिसला. त्यानंतर त्यांनी मागणी केली की माझा दूरध्वनी क्रमांक कोणत्या तरी सार्वजनिक सूचीत छापलेला असावा, म्हणजे त्या क्रमांकावर फोन करून मी मीच असल्याची खातरजमा करता येईल. कोल्हापुरात दूरध्वनीची सूची शेवटची कधी चाळली होती हे घरात कोणालाच आठवेना. हे सगळे पार पडेपर्यंत दीड महिना गेला, आणि एवढे करून जे प्रमाणपत्र मिळते ते काही मुदतीपुरते. मुदत संपली की पुन्हा पैसे, पुन्हा कागद. १ जून २०२३ पासून तर सहीची खाजगी किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय ती सही करता येत नाही तो गुप्त संकेत, साध्या संगणकावर ठेवण्याचीही मुभा राहिलेली नाही. ती प्रमाणित हार्डवेअरमध्येच असली पाहिजे, म्हणजे पेन ड्राइव्हसारखे दिसणारे एक टोकन विकत घ्या किंवा तशाच सुरक्षित सेवेचे भाडे भरा. आणि या सगळ्यानंतर निळी पाटी जाते का? लगेच नाही. नव्या प्रमाणपत्रालाही पत कमवावी लागते. पूर्वी त्याहून महागडे, अधिक कडक तपासणीचे प्रमाणपत्र घेतल्यास पाटी तत्काळ टळत असे. आता तीही सवलत उरलेली नाही.

बरे, सही म्हणजे सज्जनपणाचा दाखला असता तर मी निमूटपणे पैसे भरले असते. २०१० मध्ये जगासमोर आलेला स्टक्सनेट हा इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रे बिघडवण्यासाठी रचलेला घातक प्रोग्राम होता. त्याचे ड्रायव्हर, म्हणजे प्रणालीच्या आत शिरून काम करणारे भाग, रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही केलेले होते, आणि विंडोजने ते विनातक्रार आत घेतले होते. ज्यांच्याकडे दुसऱ्यांच्या किल्ल्या चोरण्याची ताकद आहे त्यांच्यापुढे ही पाटी उभी राहतच नाही. ती उभी राहते सांगलीच्या आणि सोलापूरच्या मुलांपुढे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा याहून चोख नमुना शोधून सापडणार नाही.

किल्लीचाच विषय निघाला आहे तर पुढचेही ऐका. मी माझी किल्ली प्रमाणित टोकनमध्ये ठेवली पाहिजे, असा जगाचा आग्रह आहे. मान्य. पण २०२३ मध्ये चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका गटाने खुद्द मायक्रोसॉफ्टची २०१६ मधली सहीची किल्ली वापरून बनावट ओळखपत्रे तयार केली आणि अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जीना रायमंडो यांच्यासह अनेक अधिकाऱ्यांच्या मेलपेट्या वाचल्या. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. ही घुसखोरी टाळता आली असती, कंपनीची सुरक्षा संस्कृती अपुरी असून तिच्यात आमूलाग्र बदल हवा, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले होते. ती किल्ली चोरांच्या हाती नेमकी कशी पडली, हे कंपनीला तोवर सांगता आलेले नव्हते. ज्या घराच्या तिजोरीची किल्ली कशी गेली याचा पत्ता घरमालकाला नाही, त्या घरातून आम्हाला कुलपांवर प्रवचने ऐकवली जातात.

अहवालानंतर ३ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून बजावले, की सुरक्षा आणि इतर कशात निवड करायची वेळ आली तर सुरक्षाच निवडा. त्यानंतर बरोबर सतरा दिवसांनी, २० मे रोजी, कंपनीने रिकॉल या सोयीची घोषणा केली, जी ठरावीक अंतराने तुमच्या पडद्याची चित्रे टिपून साठवून ठेवणार होती. ती सुरुवातीच्या रूपात किती उघडी होती हे सुरक्षा-अभ्यासकांनी काही दिवसांतच दाखवून दिले, कारण चित्रांतून काढलेला मजकूर एका साध्या डेटाबेस फाइलमध्ये वाचण्याजोगा पडून होता. जूनमध्ये तिचे आगमन पुढे ढकलावे लागले. या घोषणेच्या आड मात्र कोणतीही निळी पाटी आली नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय!

मला या सगळ्याची चीड केवळ गैरसोयीमुळे येत नाही. सुरक्षा हा शब्द कुठे उच्चारायचा आणि कुठे गिळायचा, हे ठरवणारा माणूसच बाजारातला सर्वांत मोठा दुकानदार आहे, हे त्यामागचे दुखणे आहे. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, तेव्हा ब्राउझर हा प्रणालीचाच भाग असून तो वेगळा काढता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला आणि पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने तो रद्द केला. युरोपात लोकांना ब्राउझर निवडू देणारी खिडकी दाखवण्याचे वचन कंपनीने २००९ मध्ये दिले आणि पुढे ते पाळले नाही, म्हणून २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड भरला. तो काळ वेगळा होता म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. फरक एवढाच झाला आहे, की तेव्हा स्पर्धकाला दूर ठेवण्यासाठी ‘हे वेगळे काढता येत नाही’ म्हणावे लागे, आणि आता ‘हे असुरक्षित आहे’ एवढे म्हटले की भागते.

ऑगस्ट २०२४ चे उदाहरण घ्या. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्या अनेकांनी त्या महिन्याचे विंडोज अपडेट घेतले आणि त्यांचे लिनक्स सुरू होईनासे झाले. सिक्युअर बूट या, संगणक सुरू होतानाच सही तपासणाऱ्या, व्यवस्थेमुळे बाजारातील बहुतेक संगणकांवर लिनक्सलादेखील आपल्या सुरुवातीच्या भागावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यावी लागते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दुकान उघडण्यासाठी शेजारच्या दुकानदाराचा शिक्का लागतो. त्या अपडेटने जुने, सदोष शिक्के रद्द केले. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ते लागू होणार नाही असे आधी सांगितले होते; ते लागू झाले. पूर्ण दुरुस्ती यायला २०२५ चा मे उजाडला. यात मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही, जुन्या शिक्क्यांत खरोखरच दोष होते. पण उलट घडले असते, लिनक्सच्या अपडेटने लाखो लोकांचे विंडोज बंद पाडले असते, तर दुरुस्तीला नऊ महिने लागू दिले असते का?

आणि मग १९ जुलै २०२४ चा तो शुक्रवार. सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल पाठवली आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. विमाने खोळंबली, भारतात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. चूक काय, तर प्रोग्रामला २१ माहितीघटक अपेक्षित होते आणि पुरवले जात होते २०. महाविद्यालयातल्या प्रात्यक्षिक परीक्षेत ज्यासाठी गुण कापतात तशी ही चूक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणाऱ्या ड्रायव्हरमध्ये होती. त्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची रीतसर सही होती. त्याला रोज खाऊ घातल्या जाणाऱ्या फाइली मात्र त्या तपासणीच्या बाहेर होत्या. दूध केंद्राचा हिशेब लिहिणाऱ्याला अंगणातच उभे करायचे, आणि माजघरात वावरणाऱ्याच्या पिशवीत काय आहे ते विचारायचेही नाही.

यावर मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने काय सांगावे? २००९ मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यामुळे इतर सुरक्षा कंपन्यांना आपल्याइतकाच प्रवेश द्यावा लागतो, म्हणून गाभा बंद करता येत नाही. म्हणजे दोष स्पर्धेचा! त्या समझोत्यात ‘आपल्याइतकाच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःचे अँटिव्हायरसही गाभ्याबाहेर आणले असते तर सर्वांनाच बाहेर ठेवता आले असते. २००६ मध्ये व्हिस्टा या विंडोज आवृत्तीच्या वेळी गाभा बंद करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा मॅकॅफी आणि सिमँटेक या अँटिव्हायरस कंपन्यांनी आकाशपाताळ एक केले होते, हेही खरे, आणि त्यांचा स्वार्थ उघड होता. विंडोजच्या भोकांवर ठिगळे लावण्याचा एक मोठा उद्योग जगभर उभा आहे. आपल्या पुण्यातही काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हील उभे केले ते याच भोकांमुळे. पण २००९ ते २०२४ या पंधरा वर्षांत सर्वांसाठी गाभ्याबाहेरचा सुरक्षित रस्ता बांधायला कोणी मनाई केली होती? विमाने जमिनीवर बसल्यावर तो रस्ता अचानक सुचला, आणि २०२५ मध्ये निवडक कंपन्यांना चाचणीसाठी खुला झाला.

तोवर आमचे काय चालले आहे तेही सांगतो. माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, टोकन टेबलाच्या खणात रबरबँड आणि जुन्या शिक्क्यांच्या शेजारी पडले आहे, आणि नूतनीकरणासाठी पुन्हा तोच दूरध्वनी सूचीचा प्रश्न विचारणारा ईमेल आला आहे. दरम्यान ग्राहकांना देण्यासाठी मी अर्ध्या पानाची एक सूचना छापून घेतली आहे. तिच्यात मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की निळी पाटी आली तर घाबरू नये, आधी ‘अधिक माहिती’वर क्लिक करावे आणि मग ‘तरीही चालवा’ दाबावे. परवा एका संस्थेत गेलो तर रोखपाल बाईंनी ती सूचना प्लास्टिकमध्ये घालून संगणकाच्या वर चिकटवली होती. ‘‘आता कुठलीही फाइल आली तरी अडत नाही हो, मी लगेच उघडते,’’ त्या कौतुकाने म्हणाल्या.