हे रूट कोण?

महापेच्या आमच्या ऑफिसात सर्व्हरवर एनजिनएक्सची, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल नव्हती, अख्खं खटलं होतं. मूळ फाइल, तिची ‘बॅक’, ‘बॅक-टू’, ‘ओल्ड’, ‘फायनल’, ‘फायनल-लेटेस्ट’ आणि ‘डू-नॉट-डिलीट’. ही शेवटची कोणी ठेवली ते कोणालाच ठाऊक नाही, पण उडवायची कोणाची छाती नाही. त्यातली एक ‘बॅक’ थेट चालू साइट्सच्या ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये नांदत होती. डेबियन लिनक्सच्या मांडणीत एनजिनएक्स त्या फोल्डरमधलं दिसेल ते वाचतं. त्यामुळे रीलोड केलं की ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम’ची (एकच नाव दोनदा आल्याची) कुरकुर, गळक्या नळासारखी तीही सवयीची झाली होती.

शेवटी सर्व्हरची सेटिंग्ज असलेलं ‘ईटीसी’ फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालायचं ठरलं. आता, लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सने 2005 साली गिट लिहिलं ते लिनक्सच्या कर्नेलच्या (गाभ्याच्या) सोर्स कोडसाठी. फाइल कोणाच्या मालकीची, ती कोणी वाचायची, या भानगडीत ते पडत नाही. एक्झिक्यूटेबल (प्रोग्रॅम म्हणून चालवता येणारी) आहे की नाही, एवढंच बघतं. म्हणजे पासवर्डांचे हॅश (सांकेतिक रूप) असलेली ‘शॅडो’ फाइल त्यातून परत काढली, तर ती सर्वांसाठी खुली व्हायची! म्हणून ‘ईटीसीकीपर’ बसवलं. ते परवानग्या वेगळ्या टिपून ठेवतं, ॲप्ट (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) चालायच्या आधी आणि नंतर आपणहून कमिट (बदलांची नोंद) करतं, शिवाय रोजचं ‘डेली ऑटोकमिट’ आहेच.

एका सोमवारी साइट झोपली. मी वाशी लोकलमध्ये, ऐरोलीच्या अलीकडे लोंबकळतोय, आणि सरांचा फोन. “लॉग काढ. कोणी केलं ते आज कळलंच पाहिजे.”

ऑफिसात पोचून काढला. ऑथर: रूट. त्याआधीचा? रूट. सुडो वापरलं, म्हणजे आपल्या खात्यातून तेवढ्यापुरते रूटचे अधिकार घेतले, की ईटीसीकीपर माणसाचं नाव टिपतं, पण आमच्याकडे सगळे थेट रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, म्हणूनच आत शिरतात. पासवर्ड एकच, तोही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला.

“हे रूट कोण? कॉन्ट्रॅक्टवर आहेत का?” एचआरच्या मॅडमनी विचारलं.

“कमिटचे मेसेज वाच,” सर म्हणाले.

वाचले. ‘फिक्स’. ‘फिक्स परत’. ‘आता बघा’. ‘सरांनी सांगितलं म्हणून’.

सरांना अचानक मीटिंग आठवली.

जुनं कमिट काढून मी साइट उठवली, आणि रूटचं थेट लॉगिन बंद व्हावं म्हणून एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) कॉन्फिगमध्ये ‘परमिटरूटलॉगिन’ ‘नो’ केलं. मेसेजही सविस्तर लिहिला, कारणासकट. दुसऱ्या दिवशीच्या डेली ऑटोकमिटमध्ये ते पुन्हा ‘येस’ होतं. ऑथर: रूट.