‘एक ओळ तर बदलायचीये’

“जेमफाइलमधली एक ओळ तर बदलायचीये रे, अर्ध्या तासाचं काम” असं सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये जो कोणी म्हणतो ना, त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवा आणि बाहेरून कडी घाला. (जेमफाइल म्हणजे रुबी भाषेतल्या प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी, म्हणजे जेम, लागतात त्याची यादी.) सोमवारी सकाळी ऐकलं मी हे वाक्य. आज गुरुवार, रात्रीचे साडेअकरा, आणि मी अजून तीच एक ओळ बदलतोय.

तर झालंय असं की आमच्याकडे रुबीची एक जुनी स्क्रिप्ट आहे, रोज रात्री गिटहबच्या (जिथे आमचा कोड असतो) एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठीच्या खिडकीला, विचारून कुठल्या पुल रिक्वेस्ट (कोडमधले प्रस्तावित बदल) रिव्ह्यूविना पडल्यात त्याची यादी टीमला मेल करते. आत ऑक्टोकिट (गिटहबशी बोलणारी जेम), ४ च्या मालिकेतली, लॉकफाइलमध्ये (जेमच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेली फाइल) वर्षानुवर्षं जखडून ठेवलेली. लिहिणारा बाबा कधीच कंपनी सोडून गेला आणि मागे राहिलेल्यांचा मंत्र एकच, चालतंय ना मग हात लावू नको. आता हात का लावायचा तर सर्व्हरवर रुबी २.७ आहे, जिचा सपोर्ट २०२३ च्या मार्चमध्येच संपला, आणि सिक्युरिटीवाल्यांना त्याचा साक्षात्कार गेल्या आठवड्यात झाला, म्हणून आता नवा सर्व्हर, नवी रुबी आणि नवी ऑक्टोकिट.

बंडल अपडेट मारलं. बंडलरने (जेमच्या आवृत्त्या जुळवणारं टूल) हात वर केले. का, तर नव्या ऑक्टोकिटला फॅराडे (नेटवरून विनंत्या पाठवणारी जेम) किमान १ हवी, आणि आमचीच एक घरगुती जेम आहे जी फॅराडे मिडलवेअरची (फॅराडेला जोडायची पूरक जेम) आजोबांच्या काळातली आवृत्ती धरून बसलीये, तिला १ च्या खालचीच फॅराडे चालते. म्हणजे आधी ती जेम सुधारा. ती कोणाची? कोणाचीच नाही! मग घेतली बिचारी दत्तक, मिडलवेअर उचकटून काढलं (जेसन नावाच्या साच्यातली उत्तरं वाचायचं काम फॅराडे २ स्वतःच करते, त्यामुळे ते बरंच सोपं गेलं, खोटं कशाला बोलू), आणि मंगळवार संपला.

बुधवारी टेस्ट चालवल्या, सगळ्या हिरव्या. मी खूश. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की अरे, या टेस्ट व्हीसीआरच्या कॅसेटवर चालतात! म्हणजे कधीकाळी रेकॉर्ड केलेली उत्तरंच परत परत वाजवतात, गिटहबला कोणी फोनच लावत नाही, हिरव्या होतील नाहीतर काय. खरी स्क्रिप्ट चालवली तर पहिल्या ओळीलाच मेली, फाइल आहे का ते विचारणारं ‘फाइल एक्झिस्ट्स’, शेवटी एस असलेलं, रुबी ३.२ मधून काढलंय. ते बदललं. मग नॉट फाउंड. रेपो (कोडची साठवण) माझ्यासमोर ब्राउझरमध्ये उघडा आणि हा म्हणतो सापडत नाही, तर नव्या सर्व्हरवर क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारा) टोकनच, म्हणजे ओळख पटवायची किल्लीच, मिळत नव्हतं, आणि टोकन नसेल तर प्रायव्हेट रेपोला गिटहब ‘परवानगी नाही’ म्हणत नाही, सरळ ४०४ (नॉट फाउंड) देतं, म्हणजे असा रेपो आहे हेसुद्धा परक्याला कळू नये. तत्त्व एकदम बरोबर आहे. माझे दोन तास गेले ते गेले.

आणि ते रेस्क्यू, म्हणजे एरर पकडायची रुबीतली सोय! कोडमध्ये जागोजागी फॅराडेच्या एररची जुनी नावं पकडलेली, ती नावं फॅराडे १ पासून नाहीतच, पण रुबी रेस्क्यूतलं नाव एरर आल्याशिवाय बघतच नाही, त्यामुळे नेटवर्क नीट असेपर्यंत सगळं गोड गोड, आणि रात्री एकदा कनेक्शन तुटलं की एरर पकडता पकडता दुसरीच एरर. वर ऑक्टोकिट चालू होताना दरवेळी इशारा देते की फॅराडे २ सोबत रिट्राय (फसलेली विनंती पुन्हा पाठवणं) हवं असेल तर फॅराडे रिट्राय ही वेगळी जेम टाका. एका ओळीचा सभ्य इशारा. पण लेबलं लावणारी आमची दुसरी जॉब दर दहा मिनिटांनी चालते आणि क्रॉनला कसलंही आउटपुट दिसलं की तो मेल करतो, त्यामुळे सकाळी अख्ख्या टीमच्या इनबॉक्समध्ये तोच इशारा शेकड्याने, आणि प्रत्येकाचा मला वेगळा मेसेज, “अरे हे काय आहे?” च्यायला, सुप्रभात आहे!

लायब्ररीवाल्यांना शिव्या घालण्यात अर्थ नाही, त्यांनी बदल लिहून ठेवलेत, आम्हीच वाचले नाहीत. संताप कशाचा येतो तर खाली काय काय लपलं होतं त्याचा. यादी जुन्यापासून नव्यापर्यंत लावायची म्हणून कोडमध्ये ‘क्रिएटेड ऑन’ लिहिलंय, खरं फील्ड ‘क्रिएटेड ॲट’. ऑक्टोकिटच्या रिझल्टला नसलेलं फील्ड विचारलं तर तो ओरडत नाही, गुपचूप निल (म्हणजे काहीच नाही) देतो, आणि आमच्या हुशार पूर्वजाने पुढे ‘रेस्क्यू निल’, म्हणजे एरर आली तरी गिळून टाक, ठोकलंय. म्हणजे ती यादी कधी क्रमाने लागलीच नाही. कोणाला कळलंही नाही, कारण तो मेल कोणी वाचतच नव्हतं!

आणि आता कहर ऐका. एपीआय एका पानात मुळात ३० च गोष्टी देतो, पुढची पानं मागावी लागतात, नाहीतर ऑक्टोकिटमध्ये ऑटो पॅजिनेट (सगळी पानं आपोआप आणणं) चालू करावं लागतं. आमच्यात ना हे होतं ना ते. म्हणून इतकी वर्षं आमच्याकडे पेंडिंग पुल रिक्वेस्ट बरोब्बर ३०. दर महिन्याच्या स्लाइडवर हिरव्या रंगात, “पेंडिंग ३०, स्टेबल”. टाळ्या वाजायच्या हो यावर!

मी आज संध्याकाळी ते चालू केलं. आकडा आला ७४.

आत्ता दहा मिनिटांपूर्वी लीडचा मेसेज आलाय. “तुझ्या अपडेटनंतर काउंट चुकीचा येतोय, आपला ३० च्या वर कधीच गेला नव्हता. उद्या रिव्ह्यू आहे, तूर्तास रोलबॅक कर, एक ओळ तर आहे.”