जादूचा पिक्चर घरच्यांसोबत कसा बघावा

रविवारी दुपारी पाव्हणे आलेत, पोरं अंगावर चढतायत, आणि सगळ्यांना चालेल असं कायतरी लावायचंय ना? मग जास्त डोकं लावू नका, 2010 चा 'द सॉर्सरर्स अप्रेंटिस' लावा की. निकोलस केज आहे, खांद्यापर्यंत केस, लांब कोट, मारामारी भरपूर पण रक्त दिसत नाही, म्हणजे एकादशीला लावला तरी चालतंय.

आधी अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, आणून ठेवा. पिक्चर पावणेदोन तासांचा आहे, पाव किलो पुरत नाही.

सुरुवात चुकली तरी टेन्शन घेऊ नका. मर्लिनचे तीन शिष्य, त्यातला एक फितूर, आणि चांगला शिष्य हजारेक वर्षं जगभर मर्लिनचा वारस शोधत हिंडतो, आणि शेवटी ते पोरगं न्यूयॉर्कात आपल्याच पायांनी त्याच्या दुकानात येतं (आमच्या काकांना जावई असाच मिळाला, ते असू दे). मग दोन जादूगार दहा वर्षं एका रांजणात अडकतात आणि बाहेर पडल्या पडल्या भांडण तिथनंच पुढं चालू. हे मात्र आपल्याकडच्या बांधाच्या केसवाल्यांना लगेच पटतंय.

मधे एक डायलॉग येतो, माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो आणि जादूगार पूर्ण करतो म्हणून. घरात बारावी सायन्सचं पोरगं असेल तर बरोबर त्या वेळी त्याला चहा ठेवायला आत पाठवा, नाहीतर ते सगळ्यांना लेक्चर देत बसेल आणि वर खरं पण बोलेल.

भाषेची तर काळजीच नको. आपल्या बेळगावात दुकानाच्या बोर्डापासनं भाषेवरनं वाद, पण हा पिक्चर कुठल्याच भाषेत समजून घ्यावा लागत नाही. आमच्या शेजारचे कन्नड अंकल आवाज बंद करून बघत होते, त्यांना आमच्याइतकंच कळलं. सीमाभागासाठी एवढी सोय दुसऱ्या कुणी केली नाही बघा.

एक सीन मात्र झोपलेल्यांना उठवून दाखवा. पोरगी भेटायला येणार म्हणून हिरो अर्धवट शिकलेल्या जादूनं झाडू-पोचे कामाला लावतो आणि मग ते थांबतच नाहीत, पाणीच पाणी. हा माल जुना, जर्मन कवी गटेनं 1797 मध्ये कविता केली, 1940 मध्ये मिकी माऊसनं करून दाखवलं. गोष्ट अशी की बघणाऱ्यानं घाबरायला पाहिजे. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं, ते पण पहाटे, त्यामुळं आजी खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "असला झाडू शहापूरच्या बाजारात मिळतो काय गा?"

शेवटच्या लढाईला करंट गेला तर जाऊ दे. आमचा वीस मिनिटं गेला, आला तेव्हा कोण जिंकलं हे कुणी विचारलं नाही, कुंदा पण संपला होता. आजी फक्त म्हणाली, ते पाण्याचं परत लाव. तेवढं लावा.